नवमीचा खोकला

कासारवाडी स्टेशनमागच्या चाळीत ज्योतीरामचा खोकला प्रसिद्ध होता. हसू नका. कुणी गाण्यानं नाव काढतं, कुणी भांडणानं, कुणी पोरांच्या पराक्रमानं. ह्या गड्यानं खोकल्यानं काढलं होतं. आणि तो काही बारमाही खोकला नव्हता. वर्षातून एकदाच यायचा. पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीला, दुपारी जेवणं आटोपल्यावर.

नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी घालतात. ज्योतीरामची बायको कस्तुरा वीस वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दर नवमीला तो शेजारच्या विमलबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचा. वरणभात, भाजी, वडे, खीर, सगळं स्वतः करायचा. चाळीतल्या बायकांना शेगडीजवळ फिरकू द्यायचा नाही. विमलबाईंचा शेवटचा घास झाला की एरवी कुणालाही हात लावू द्यायचा नाही अशा पत्र्याच्या ट्रंकेतून जुना टेप काढायचा, कस्तुराची कॅसेट घालायचा आणि भिंतीला टेकून बसायचा.

कॅसेटवर कस्तुराचं एकच गाणं होतं. तिच्या माहेरचं, औश्याकडचं. शेतात खुरपताना बायका म्हणायच्या ते.

शिवेवरच्या बाभळीला माज्या पदराचा धागा,
सासरच्या वाटंवरी कुनी हाक दिली मागा...

पुढं त्या हाका मोजायच्या. 'एक हाक आईची गं, दुसरी हाक गाईची, तिसरी हाक कुनाची...' आणि इथं गाणं थांबायचं. ढोलकी थांबायची, आवाज थांबायचा, उरायची नुसती टेपची खरखर. मग ढोलकीवर एक सणसणीत थाप पडायची आणि कस्तुरा खालच्या, घोगऱ्या सुरात ओळ पुरी करायची, 'वाऱ्यानं नेली वाटंची.'

त्या खरखरीच्या जागी ज्योतीराम खोकायचा. असा खोकायचा की फळीवरचे पेले वाजावेत. विमलबाई पदर डोळ्याला लावायच्या. "इतकी वर्षं झाली, अजून तिथंच गळा दाटतो बिचाऱ्याचा," असं मग चाळभर सांगत सुटायच्या. बायका आपापल्या नवऱ्यांना ज्योतीरामचा दाखला द्यायच्या आणि नवरे मनातल्या मनात ज्योतीरामला शिव्या घालायचे.

गळा दाटतो म्हणे! डोंबल दाटत होतं. त्या खरखरीत ज्योतीरामचं स्वतःचं एक वाक्य अडकलेलं होतं, आणि ते लेकीच्या, पूनमच्या, कानावर पडू नये म्हणून हा माणूस वीस वर्षं खोकत होता.

ते वाक्य कुठून आलं ते सांगतो.

ज्योतीराम औसा तालुक्यातला. पंचविशीत इकडं आला तो ढोलकी खांद्याला अडकवूनच. भोसरीकडच्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. पत्रा सरकवायचा, पायानं दाबायचं, धाड्. पुन्हा सरकवायचा, पुन्हा धाड्. दिवसभर तेच. सहा-सात वर्षांत डावा कान कामातून गेला. हात मात्र तालाला पक्का राहिला. तालाच्या बाबतीत तो सख्ख्या बापाचीही गय करायचा नाही. भजनात एखादा म्हातारा टाळकरी चुकला, की भर मंडळीत ओरडायचा, "ओ बाबा, निजला का काय?" माणूस वाईट नव्हता, पण तोंड म्हणजे तोंड! विचार पोचायच्या आधी शब्द बाहेर.

कस्तुरा एका फाउंड्रीत वाळू चाळायला जायची. साच्यांना लागते तसली बारीक वाळू, पिठासारखी उडणारी. घरी येऊन पदर झटकला की जमिनीवर तिचा थर बसायचा. "अगं, घरात समुद्र आणलास की," ज्योतीराम म्हणायचा. "मग बसा की काठाला, भाकरी टाकते," ती म्हणायची. कस्तुराचं हे असं होतं. भांडायची नाही, पण नवरा एक बोलला की हसत हसत एक परत केल्याशिवाय राहायची नाही. उधार ठेवलं तर व्याज चढतं, म्हणायची.

पूनम दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पिंपरी कॅम्पात एकानं दोन खोल्यांत रेकॉर्डिंगची जागा काढली होती. जत्रेत विकायला गावाकडच्या गाण्यांची कॅसेट करत होता. आठ गाणी, आठ माणसांची. त्यात एक कस्तुराचं घ्यायचं ठरलं. ज्योतीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठ दिवस घरात तालीम. आणि प्रत्यक्ष त्या दिवशी बाईचा दम पुरेना. 'तिसरी हाक कुनाची' म्हटलं, की पुढं आवाजच निघेना. एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. काचेपलीकडचा माणूस घड्याळ बघायला लागला.

"खुरपताना बरी गातीस, हितं काय झालं तुला?"

"दम पुरंना वो."

"दम पुरंना म्हणं! म्हातारी झालीस व्हय? पंचिशीतली बाई तू."

चौथ्या वेळेला पुन्हा तिथंच अडली. ज्योतीरामचे हात ढोलकीवर थांबले आणि तोंड सुटलं. "मेलीस का काय गं?" आणि रागारागानं थाप मारली. त्या थापेला कस्तुरानं ओळ उचलली आणि गाणं तडीला गेलं.

आता खरं सांगायचं तर औश्याकडं हे काही फार मोठं बोलणं नव्हे. दार उघडायला उशीर झाला, मेलीस का. चहाला वेळ लागला, मेलीस का. म्हशीला म्हणतात, एसटीच्या कंडक्टरला म्हणतात. कुणी मनावर घेत नाही. रेकॉर्डिंगवाल्यानंही घेतलं नाही. "बोलणं लांबून आलंय, खरखरीत जाईल," म्हणाला आणि तीच चौथी खेप ठेवली. पहिली कॅसेट निघाली ती कस्तुराच्या हातात दिली. घरी टेप नव्हता, म्हणून ती तशीच ट्रंकेत गेली.

आणि दोन वर्षांनी कस्तुरा गेली. आधी साधा खोकला म्हणाले, मग दमा म्हणाले, मग टीबीच्या गोळ्या सहा महिने चालल्या. शेवटी एका मोठ्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं, छातीत वाळूची धूळ बसलीय, वर्षानुवर्षांची. म्हणजे त्या दिवशी पिंपरीच्या खोलीत बाई तालाला चुकत नव्हती. तिला श्वास मिळत नव्हता. ज्योतीराम दवाखान्याच्या पायरीवर बसला तो तिन्हीसांज होईपर्यंत उठला नाही.

पहिल्या नवमीसाठी त्यानं बाजारातून जुना टेप आणला. आदल्या दिवशी एकटाच बसून लावून बघितला. ती गेल्यावर पहिल्यांदाच कस्तुराचा आवाज ऐकून तो रडलाही आणि हसलाही. मग ती जागा आली. खरखर, आणि खरखरीत स्वतःचाच आवाज. मेलीस का काय गं. तो पुढं वाकला आणि त्याला ठसका लागला. तो पहिला खोकला खरा होता. दुसऱ्या दिवशी माणसांपुढं जो खोकला आला तो त्यानं आणलेला, आणि पुढचे सगळेही.

फेकून द्यायची होती कॅसेट, असं तुम्ही म्हणाल. बायकोचा तेवढाच आवाज उरलेला, कसा फेकणार? नवमीला लावलीच नाही तर? पूनम मोठी होत होती. आईचं गाणं लावा म्हणून आदल्या आठवड्यापासून मागं लागायची. विमलबाईंनी तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. तुझ्या आईला गाताना धाप लागली, तेव्हा तुझ्या बापानं ढोलकी थांबवली. तिचा श्वास परत येईपर्यंत थांबला, आणि मग हळूच खूण केली, गा आता. पोरगी ह्या गोष्टीवर वाढली. लग्नाला दोन स्थळं आली, दोन्ही तिनं परत पाठवली. "अण्णांसारखा थांबणारा मिळाला तर बघू," म्हणाली. ज्योतीरामनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं. जगात त्याच्याजवळ दुसरं काय होतं? एक बहिरा कान, एक ढोलकी आणि लेकीच्या मनातला हा बाप. तो बाप खोटा आहे, हे त्याला एकट्याला माहीत होतं.

असं सगळं झाकपाक चाललेलं असताना यंदा उन्हाळ्यात एक नवीन गाणं आलं.

पूनम चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होती. सकाळी कंपनीच्या बसमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ढोलकी वाजली आणि पाठोपाठ, 'शिवेवरच्या बाभळीला माझ्या पदराचा धागा.' पूनम जागेवरून उठलीच. गाणं तेच, गळा दुसरा. दिव्या नावाची कुणी नवी गायिका. गाणं बसवलं होतं रहाटणीच्या रविराज नावाच्या पोरानं. जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडं त्याला ती जत्रेची कॅसेट मिळाली होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. त्यानं गाणं उचललं, नव्यानं बांधलं आणि गाणं असं उडालं की विचारू नका. एकही हळद त्याच्यावाचून होईना. आणि लोकांना वेड कशाचं लागलं होतं? त्या थांबण्याचं! 'तिसरी हाक कुणाची' म्हटलं की सगळं बंद. नाचणारी माणसं जिथल्या तिथं पुतळ्यासारखी उभी. कुणाचा हात वर, कुणाचा पाय हवेत, नवरीच्या गालाला लागणारी हळद गालापाशीच. मग स्पीकर फुटेल अशी थाप, की सगळे एकदम उड्या मारत सुटायचे.

पूनमनं घरी येऊन मोबाइल बापाच्या उजव्या कानाला लावला. ज्योतीराम शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"पोरीचा गळा गोड हाय," म्हणाला. "सुराला तुझ्या आईपेक्षा पक्की. तुझी आई वरच्या सुराला जरा उतरायची. ढोलकी कोण वाजवतंय?"

"मशीन."

"तरीच. घाम नाही तिला." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ही बया हाका मोजायली, पण तिला ऐकू एकबी आलेली नाही."

"आणि ते थांबणं, अण्णा?"

ज्योतीरामनं मोबाइल लेकीच्या हातात परत दिला. नवीन गाण्यातलं थांबणं मोजून चार मात्रांचं होतं, फूटपट्टी लावून कापल्यासारखं. मूळ गाण्यातलं कुठल्याच मात्रेत बसत नव्हतं. ते थांबणं ह्यानं मनानं योजलेलं नव्हतंच, तर बसणार कुठून? पण हे लेकीला सांगणार कसं? "बरं केलंय," एवढंच म्हणाला.

पूनमचं मात्र डोकं फिरलं होतं. तिच्या कंपनीत काचेच्या कपाटात एक मास्टर पीस कुलपात असतो. बनलेला प्रत्येक माल त्याच्याशी ताडून बघायचा, फरक निघाला की बाजूला काढायचा. तिनं तेच सुरू केलं. रविराजला फोन लावला. गाणं माझ्या आईचं आहे, मूळ कॅसेट आमच्या घरी आहे, आणि तुमच्या गाण्यात काय काय कमी आहे ते मी सांगते, म्हणाली. पोरगा भांडेल असं तिला वाटलं होतं. तो उलट दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन चाळीत हजर.

"काका, शोधून शोधून थकलो तुम्हाला. कॅसेटवर नावच नव्हतं," म्हणाला. पाया पडला. "आपण दोन्ही नेटवर शेजारी शेजारी टाकू. आधी मावशींचं मूळ, मग आमचं. लोकांना ऐकू द्या फरक. मावशींचं नाव वर. माझी कॅसेट पार गेलीय, तुमची स्वच्छ असंल. मशीनवर सगळी खरखर काढून टाकतो. मावशी शेजारी बसून गायल्यासारख्या वाटतील."

ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. "कॅसेटला बुरशी लागली," तो म्हणाला. "दोन म्हैने झाले. फेकली."

रविराज हळहळत गेला. पूनमनं ट्रंक ओढली, वरचं लुगडं बाजूला केलं, कॅसेट काढली आणि बापापुढं धरली. बुरशी सोडा, धूळसुद्धा नव्हती.

"का खोटं बोललात?"

ज्योतीरामनं ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.

"अण्णा, मला आईचा चेहरा आठवत नाही. मला तिचा आवाज नीट ऐकायचाय. खरखरीशिवाय. एकदाच."

असं म्हटल्यावर बाप काय बोलणार? रात्रभर तळमळला आणि पहाटे त्यानं स्वतःची एक समजूत घातली. मशीन खरखर काढून टाकतं, म्हणाला ना पोरगा? मग खरखरीत अडकलेलं आपलं बोलणंही खरखरीबरोबर जाईल. काटा निघेल, गाणं राहील. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, पण मशीन आपल्याला सांभाळून घेईल असं त्याला वाटलं.

चाकणच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. कॅसेट सापडली, असं पूनमनं रविराजला फोनवर कळवलं आणि त्या गुरुवारी दुपारी बापलेक रहाटणीला गेले. रविराजच्या घरची जमीन कधीच बिल्डरला गेलेली, पण गोठ्याची जागा तेवढी ठेवलेली. तिथंच त्यानं वर स्टुडिओ बांधला होता. खाली बाजेवर त्याचा आजा सोपानराव बसला होता. "गान्याचं हायसा न्हवं? जावा वर, हाय त्यो," म्हणाला.

खोली बंद, थंड, भिंतीला सगळीकडं फोम. रविराजनं कॅसेट घातली. आधी आहे तशी स्पीकरवर वाजवली, कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायला. कस्तुराचा आवाज आला आणि ज्योतीरामच्या अंगावर नेहमीप्रमाणं काटा आला. एक हाक आईची गं. दुसरी हाक गाईची. तिसरी हाक कुनाची... ज्योतीराम खोकला. जोरात, पोटातून.

"पाणी देऊ का काका?" रविराज म्हणाला.

"नको. होतं मला असं."

पूनम बापाकडं बघत होती.

मग अर्धा तास पोरगा पडद्यावरच्या रेघा खालीवर करत बसला. शेवटी म्हणाला, "झालं. साफ झालेलं मी अजून ऐकलं नाही हां. पहिला मान तुमचा." आणि हेडफोन पूनमच्या कानांवर चढवला.

गाणं सुरू झालं ते फक्त पूनमला ऐकू येत होतं. ज्योतीराम लेकीचा चेहरा बघत राहिला. पहिल्या ओळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या ओळीला ती हसली, आईनं दम घेतलेला ऐकू आला असावा. कुठली ओळ चाललीय ते तो पडद्यावरच्या रेघेवरून ओळखत होता. रेघ त्या जागेपाशी आली. ज्योतीराम खोकला. सवयीनंच खोकला. आणि खोकता खोकताच त्याला कळलं, की लेकीच्या दोन्ही कानांवर जाड गाद्या आहेत आणि आज ह्या खोकल्याचा काडीचा उपयोग नाही.

पूनमचं हसू गेलं. तिनं हातानं खूण केली, मागं घ्या. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं घ्या. तिसऱ्यांदा ऐकून तिनं हेडफोन मानेवर उतरवला.

ज्योतीरामला राहवेना. "पूनम, ते... मला तवा म्हाईत नव्हतं गं तिला काय झालंय ते. आमच्याकडं असंच बोलत्यात. बोलायची तऱ्हा हाय ती. आईशपथ सांगतो."

"तिथं काहीतरी आहे हे मला माहीत होतं," पूनम म्हणाली. आवाज अगदी साधा, पगाराची तारीख सांगावी तसा. "दरवर्षी खोकला नेमका तिथंच कसा येईल? एकाच जागी पुन्हा पुन्हा येतो तो योगायोग नसतो, कंपनीत आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला वाटलं, तुम्ही तिथं रडलाय. तुम्हाला लाज वाटते म्हणून खोकता. तुमचं रडणं ऐकायला आले होते मी."

रविराज खुर्चीत अवघडून बसला होता. जावं की थांबावं त्याला कळेना.

"चुकलं माझं," ज्योतीराम म्हणाला.

"ते सोडा. पुढचं ऐकलंत कधी?"

"पुढचं म्हंजी? पुढं थाप हाय."

"थापेच्या आधी." तिनं हेडफोन काढला आणि एक बाजू त्याच्या उजव्या कानाला दाबून धरली. "लावा हो," रविराजला म्हणाली.

तिसरी हाक कुनाची. मग आली ती शांतता, वीस वर्षांत पहिल्यांदाच खरखरीवाचून. तिच्यात एक श्वास होता, लांब, घासत जाणारा, फुटक्या भात्यासारखा. मग त्याचा स्वतःचा आवाज, मेलीस का काय गं. आणि त्यानंतर अगदी हळू, अगदी जवळून, कस्तुरा.

"अजून न्हाई."

हसत म्हणाली होती. धापा टाकत, हसत, उधार न ठेवता. आणि त्या हसण्यावरच त्याची थाप पडली होती.

ती त्याच्या डावीकडं बसली होती त्या दिवशी. डावा कान प्रेसनं खाल्लेला. त्याला ऐकूच आलं नव्हतं.

"तिनं उत्तर दिलं होतं तुम्हाला," पूनम म्हणाली. "माझ्या आईचं गाण्याबाहेरचं एवढंच बोलणं आहे ह्या जगात. दोन शब्द. आणि वीस वर्षं तुम्ही त्याच्यावर खोकत आलात."

ज्योतीरामचे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, पुसायचं भान नव्हतं. खोलीतली शांतता रविराजला सोसेना. भला पोरगा, मदतीलाच धावला. "काका, मनाला लावून घेऊ नका. एका मिनिटात काढून टाकतो. कुणाला पत्ता लागणार नाही. फक्त तुम्ही सांगा, काय ठेवायचं, काय काढायचं."

पूनमनं बापाकडं बघितलं. इतका वेळ ती पडद्याकडं बघत होती, आता सरळ त्याच्या डोळ्यांत. आणि ह्या घडीला, देवा रे, ह्या घडीला तरी माणसानं नीट बोलावं की नाही? पण वीस वर्षांची सवय जिभेवर आधी आली. विचार पोचायच्या आधी शब्द बाहेर.

"माझं तेवढं काढ," ज्योतीराम म्हणाला. "तिचं राहू दे."

रविराजनं मान हलवली. "तुमचं काढलं तर ते हवेतच राहील की, काका. कशाला म्हणाल्या तेच कळणार नाही."

पूनम उठली. टेपमधून कॅसेट काढली, पर्समध्ये टाकली. "आईचं काहीच नेटवर टाकू नका," रविराजला म्हणाली. "तुमचंच चालू द्या. तुमचं बरं आहे." आणि जिना उतरून गेली.

ज्योतीराम चपला हातात घेऊनच मागं धावला. खाली सोपानराव "चा घिऊन जावा की" म्हणत होता, तेही त्याला ऐकू आलं नाही. रहाटणीच्या त्या अरुंद गल्लीत चार वाजताची कुणाची तरी हळद चालली होती. मांडव रस्त्यातच, स्पीकर माणसाएवढे, पोरंपोरी पिवळी होऊन नाचत होती. आणि गाणं कुठलं असणार? तेच.

पूनम गर्दीतून वाट काढत पुढं निघाली होती. ज्योतीराम कडेकडेनं, भिंतीला घासत, तिच्यामागं. साठीला आलेला माणूस, त्याला धाप लागली. एक हाक आईची गं. दुसरी हाक गाईची. एक पोरगी त्याच्या अंगावर आदळली, सॉरी अंकल म्हणाली, पुन्हा नाचायला लागली. तिसरी हाक कुणाची.

सगळं थांबलं. हात वर ते वर, पाय हवेत ते हवेत. गल्ली चिडीचूप. त्या शांततेत ना श्वास होता, ना शिवी, ना उत्तर. स्वच्छ, चार मात्रांची, रिकामी.

"पूनम, थांब गं जरा," ज्योतीराम ओरडला. "दम लागलाय मला."

शांततेत त्याचा आवाज गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पुतळे झालेल्या पोरांनी नुसते डोळे वळवून त्याच्याकडं बघितलं. नवरीनंही बघितलं. पूनमला ऐकू गेलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती. तिची पाठ त्याला दिसत होती.

थाप पडली आणि सगळे उड्या मारायला लागले. ज्योतीराम भिंतीला हात टेकून उभा राहिला. गर्दी जरा हलली तेव्हा त्याला गल्लीचं पुढचं टोक दिसलं. पूनम कोपऱ्यावरून वळून गेली होती.